नाव घेऊन मारणारा माणूस

"ती नाय बोलायची. लग्नात नवऱ्याचा नाव पन घेतला नव्हता तिनी, कोर्टात काय बोलनार."

कल्याणच्या कोर्टात, पाण्याच्या पिंपाजवळच्या बाकावर बसून सुरेशची आत्या हे शेजारच्या बाईला सांगत होती. मी खांबाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. ती काही हळू बोलत नव्हती. आमच्या गावात हळू कुणीच बोलत नाही. माझ्या सासूने, आम्ही सगळे तिला आये म्हणतो, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "ऐकू नको."

पण आत्या खोटं बोलत नव्हती. सुरेशने जनार्दनला, माझ्या नवऱ्याला, जिवे मारताना पाहणारी मी एकटीच होते. पोलिसांसमोर मी फक्त मान हलवली होती, वाक्यं लिहिणाऱ्या हवालदाराने बनवली होती. आज ती मला स्वतःच्या तोंडाने म्हणायची होती. नाही म्हटली, तर सुरेश संध्याकाळी गावात परत आला असता, आणि आमच्या दारावरून रोज गेला असता.

जनार्दनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तो कुणाला तरी मारतच होता.

आम्ही तेव्हा ठाण्याच्या कोपरीतून डोंबिवलीला नवीन राहायला आलो होतो. मी कॉलेजात होते. दुपारी खिडकीच्या ग्रिलपाशी बसून वाचत होते, तर खाली कंपाउंडमध्ये एक उंच, काळा माणूस येऊन उभा राहिला. पाय फाकवून, एक हात कमरेवर, नजर गच्चीकडे. त्याने हाक मारली, "विलास पांडुरंग."

शिवी नाही, काही नाही. थोडं थांबून परत तीच हाक. तिसऱ्या हाकेला वरच्या मजल्यावरचे विलासकाका जिन्याने खाली आले. त्यांनी आदल्या दिवशी केबलवाल्याशी भांडणात त्याची वायर कापली होती, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

"का बोलवला ते कळला ना?"

"हो."

"मग चष्मा काढा."

विलासकाकांनी चष्मा काढला. त्याने तो घेऊन स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला, वर हाताने दाबून बघितला, आणि मग त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. काका स्कूटरवर पडले, स्कूटर भिंतीवर पडली. नाकातलं रक्त बनियनवर आलं. अजून दोन ठोसे बसले. मग त्याने त्यांना बगलेत हात घालून उभं केलं, चष्मा परत दिला आणि आमच्या दाराची बेल वाजवली. आईने घाबरत पाणी दिलं. ते त्याने वरून प्यायलं, भांडं नळाखाली विसळून ठेवलं आणि विचारलं, "ताई, चित्र साफ येतं ना? मुंग्या नाय ना दिसत?" त्याच्या बोटांच्या पेरांवर रक्त होतं, त्याचं की काकांचं ते कळत नव्हतं.

"गुंड आहे," बाबा संध्याकाळी म्हणाले. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या सभ्य माणसाच्या कुठल्याच व्याख्येत तो बसत नव्हता, आणि मला तो चष्म्यावर ठेवलेला हात विसरता येत नव्हता.

माणसाचं आणि त्याच्या बापाचं नाव घेण्याची सवय त्याला गावामुळे लागलेली. आमचं गाव म्हणजे डोंबिवलीच्या पूर्वेला, केमिकलच्या कारखान्यांच्या अलीकडे राहिलेलं आगरी गाव. शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, गाव मध्ये तसंच राहिलं. तिथे अर्ध्या घरांचं आडनाव एकच. सुरेश म्हणून हाक मारली तर चार सुरेश वळतात. म्हणून सुरेश काळूराम, जनार्दन धर्मा. जनार्दन ही पद्धत साऱ्या जगाला लावायचा. बँकेच्या मॅनेजरलाही वडिलांचं नाव विचारायचा. "ए म्हणून हाक कुत्र्याला मारतात," म्हणायचा. आणि मारायचं असेल तर आधी नाव घेतलंच पाहिजे. "नाव न घेता हात टाकला तर तो चोर. समोरच्याला कळायला पायजे का त्याला मारतात, आन कोन मारतो."

तो मुंग्या बघायला आमच्याकडे बऱ्याच वेळा आला. आमच्या टीव्हीत मुंग्या नव्हत्या. पुढे लग्न झालं ते कसं झालं हे मी अजूनही कुणाला नीट सांगितलेलं नाही. बाबा मांडवात आले आणि पूर्णवेळ घड्याळाकडे बघत बसले.

त्या मांडवातही मारामारी झाली. सुरेश हा जनार्दनचा लहानपणापासूनचा मित्र. केबलचा धंदा दोघांचा मिळून, एक डिश, एक खोली. आधी दोघं व्हीसीआर भाड्याने द्यायचे, मग घराघरांत वायर टाकायला लागले. सुरेश लग्नात सकाळपासून प्यायलेला. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याने त्याच्या आवडीचं गाणं वाजवलं नाही, म्हणून त्याने मागून जाऊन त्याच्या डोक्यात मारली. क्लॅरिनेट दातांवर आपटलं, त्या म्हाताऱ्याचा ओठ फाटला. जनार्दनने मुंडावळ्या सोडल्या आणि माझ्या हातात दिल्या. "धर जरा." मग हळदीने पिवळ्या झालेल्या अंगाने तो मांडवाच्या मध्ये गेला आणि हाक मारली, "सुरेश काळूराम."

सुरेश हसत वळला. जनार्दनने त्याला असा मारला की तो खुर्च्यांची रांग घेऊन पडला. "मागून मारतोस? आपन तसली मानसं हाव?" सुरेशने रक्त थुंकलं, उठला, आणि दोन मिनिटांत जनार्दनला खांद्यावर घेऊन नाचायला लागला. दात लाल, हसणं तसंच. क्लॅरिनेटवाल्याला जनार्दनने त्याच दिवशी स्वतःच्या स्कूटरवर बसवून टाके घालायला नेलं, नवरदेवाच्या वेषात.

मग उंबरठ्यावर बायकांनी मला अडवलं. आमच्याकडे लग्नाची गाणी म्हणायला धवलारीण असते, ती म्हातारी समोर हात आडवा धरून उभी राहिली. नवऱ्याचं नाव घे, मग आत जा. आईने मला दोन ओळी पाठ करून दिल्या होत्या. त्या मला येत होत्या. पण एवढी तोंडं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझा आवाज कुठे गेला ते मला कळेना. बराच वेळ गेला. माप तसंच तांदळाने भरलेलं, मी तशीच.

"शेरातली पोर मुकी दिली क काय?" धवलारीण म्हणाली आणि बायका हसल्या.

"मी घेतो तिचं," जनार्दन मागून म्हणाला आणि त्याने माझं नाव घेतलं, माझ्या वडिलांच्या नावासकट. त्यात यमक नव्हतं, काही नव्हतं. बायका अजूनच हसल्या. मी माप ओलांडलं. त्या दिवसापासून सुरेश मला मुकी वहिनी म्हणायला लागला. दुपारी जेवायला आला की दारातूनच, "मुके वहिनी, भाकर वाढ." मला त्याचा राग येत नसे. तो घरातला होता.

जनार्दन मला कॉन्व्हेंट म्हणायचा. "ए कॉन्व्हेंट" नाही, नुसतं "कॉन्व्हेंट", फार प्रेमाने. तांदळाची भाकरी मला कधी गोल जमली नाही, तर तो तिला भारताचा नकाशा म्हणायचा आणि आधी काश्मीर खायचा. आयेसमोर मी त्याला कुठल्याच नावाने हाक मारायचे नाही. खोलीत तू म्हणायचे. तो रागावला की भांडी आपटायचा, एकदा भिंतीवर मूठ मारून त्याने स्वतःचं बोट मोडून घेतलं. माझ्यावर त्याने कधी हात उचलला नाही. हे मी सांगते तेव्हा ऐकणारे माझ्याकडे संशयाने बघतात. बघोत.

मारलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेण्याचीही त्याची पद्धत होती. एकदा दुसऱ्या ऑपरेटरच्या लाइनमनला आमच्या गच्चीवर वायर कापताना पकडून त्याने लोखंडी पाइपने त्याचा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी खालच्या मजल्यावर ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. मग त्याला स्कूटरच्या मागे बसवून स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले, कारण त्या माणसाला मागून धरायला कुणीतरी हवं होतं.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडला."

"कुठून पडला?"

"मी पाडला. नीट बसवा, डॉक्टर, त्याचा धंदा हाताचा हाय."

लाइनमन वेदनेने घामाघूम झाला होता, तरी म्हणाला, "दादा, स्कूटर खड्ड्यातून नका घेऊ परत." पोलीस मागे लागले की जनार्दन शहाडला मावशीकडे चार दिवस जाऊन राहायचा, नदीत पोहायचा आणि ताजा होऊन परत यायचा.

गच्चीवरून गच्चीवर वायर टाकायला त्याने मला शिकवलं. दोरीला दगड बांधायचा, दगड पलीकडे फेकायचा, पलीकडच्याने दोरी ओढून वायर घ्यायची. फेकण्याआधी ओरडायचं, "आली." खाली लोक असतात, कुणाच्या डोक्यात दगड बसेल. मी झेलायला उभी राहायचे. वायर मिळाली की "मिळाली" म्हणून ओरडायचं असतं, ते माझ्याने व्हायचं नाही. म्हणून आमच्यात ठरलं, दोन झटके म्हणजे मिळाली. तो पलीकडे हसायचा. मग वायर ताणून धरायला स्वतःच्या डाव्या मनगटाला गुंडाळायचा. बाकी सगळ्यांना तो यावरून शिव्या द्यायचा. मनगटाला वायर गुंडाळायची नसते, हात अडकतो. स्वतः मात्र गुंडाळायचा.

मग ठाण्याचा एक मोठा माणूस आला. छोट्या छोट्या केबलवाल्यांच्या लाइनी तो आपल्याकडे ओढत होता. सुरेशला त्याच्याकडे जायचं होतं, जनार्दनला नाही. दोघं महिनाभर एकाच खोलीत बसून एकमेकांशी बोलत नव्हते, जेवायला मात्र दोघं आमच्याकडेच. एका रविवारी सकाळी पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनपलीकडच्या, आमची केबल असलेल्या सगळ्या बिल्डिंगींत एकदम मुंग्या आल्या, आणि थोड्या वेळाने चित्र परत आलं ते ठाणेवाल्याचं होतं. जनार्दन गच्च्यांवर जाऊन आला. वायरींच्या जोडांवर टेप उलट्या बाजूने गुंडाळलेली होती. सुरेश डावखुरा होता. अजून काही विचारायची गरज नव्हती.

तो सुरेशच्या दारात जाऊन उभा राहिला. पाय फाकवून, हात कमरेवर. मी मागे धावत गेले होते. "सुरेश काळूराम." दार उघडेना. तो उन्हात हाका मारत राहिला, गल्ली गोळा झाली. शेवटी सुरेश बाहेर आला.

"घड्याल काढ."

सुरेशने घड्याळ काढलं नाही. जनार्दनने ते तोडून काढलं, ओटीवर ठेवलं, आणि दुहेरी केलेल्या केबलने त्याला मारायला सुरुवात केली. मी त्याची बरीच मारामारी पाहिली होती, पण असं पाहिलं नव्हतं. शर्ट पाठीवर फाटला, मग पाठ फाटली. सुरेश ओरडत नव्हता. गल्लीतलं कुणी पुढे झालं नाही. त्याची आई घरातून धावत आली आणि मुलावर पालथी पडली, आणि वरून येणारा फटका तिच्या दंडावर बसला. तो आवाज वेगळा होता.

जनार्दन थांबला. हातातली केबल खाली टाकली. म्हातारीकडे बघत राहिला आणि वळून चालायला लागला.

त्या दिवशी तो जेवला नाही. "तिला हाक नव्हती मारली," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या पाया पडायला गेला, तिने दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशीही गेला. मी त्याला म्हटलं, सुरेशशी बोल. तो म्हणाला, "त्याला माझं नाव माहीत हाय. दारात येऊन हाक मारू दे. मी भायेर येईन. मारू दे मना." मला वाटतं, तो खरंच वाट बघत होता. हाका आल्या की पटकन बाहेर जायचा.

दिवाळीनंतरची सकाळ होती. आमचा लाइनमन आला नव्हता, म्हणून मी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभी होते. "आली," तो ओरडला. दगड माझ्या पायाशी पडला. मी दोरी ओढून वायर घेतली, दोन झटके दिले. तो हसला, वायर मनगटाला गुंडाळली आणि कठड्याला गुडघा टेकवून ताणायला लागला.

त्याच्या मागचं जिन्याचं दार उघडलं आणि सुरेश आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागे दोन अनोळखी माणसं. मला बरं वाटलं. मला वाटलं, आला एकदाचा. त्याने गल्लीपलीकडून माझ्याकडे पाहिलं. मी आहे हे त्याला दिसलं, आणि त्याने पाहून घेतल्यावरही काही बदललं नाही. मग त्याचा डावा हात पाठीमागून पुढे आला, त्यात कोयता होता.

पहिला वार मानेच्या खाली बसला. वायरीतून तो माझ्या हातात आला. हे कसं सांगावं मला कळत नाही. पण तो प्रत्येक वार माझ्या तळहातात आला. जनार्दन वळला. एवढं लागल्यावरही त्याने तोंड सुरेशकडे फिरवलं आणि पूर्ण नाव घेतलं, "सुरेश काळूराम." गल्लीपलीकडे मला ते स्पष्ट ऐकू आलं. एरवी यानंतर त्याचा हात उठायचा. हात वायरीत होता. त्याने तो ओढला, वायर माझ्या बोटांत रुतली. सुरेश खांद्यावर, दंडावर, डोक्यावर मारत राहिला. दुसऱ्या दोघांनी लोखंडी गज चालवले. पांढरा शर्ट पुढून पूर्ण लाल झाला. जनार्दन कठड्यावर पडला, डावा हात बाहेर, माझ्याकडे. वायर ताठ झाली आणि ताठच राहिली. लोक आले तेव्हाही मी ती धरून होते. माझी बोटं त्यांना एकेक करून सोडवावी लागली.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात सुरेशची आई आमच्याकडे आली. आयेने तिला बसायला पाट दिला. दोघी लहानपणी मिठागरावर एकत्र कामाला जायच्या. मग म्हातारीने लुगड्याचा पदर बाजूला करून दंड दाखवला. वळ पांढरा पडला होता, पण होता.

"तुझे नवऱ्याचा हात माझे अंगावर परला," ती मला म्हणाली. "मी कुनाला बोलली नाय. पोलिसांना पन नाय. आता तू पन नको बोलू, पोरी."

आये उठून चुलीकडे गेली. तिने नंतरही मला सांगितलं नाही की बोल, किंवा नको बोलू. तिने त्या म्हातारीला चहा करून दिला, आणि ती गेल्यावर कप घासताना तो तिच्या हातातून पडून फुटला.

कोर्टात माझं नाव पुकारलं. मी आत गेले. सुरेश खाली बघत बसला होता, जाडा झाला होता. त्याची आई शेवटच्या बाकावर होती, दोन्ही दंडांवरून पदर घेतलेला. मला शपथ दिली. सरकारी वकिलांनी विचारलं, मयत तुमचे कोण. मी म्हटलं, नवरा. नाव? मी नाव सांगितलं.

"मोठ्याने बोला, बाई," न्यायाधीश म्हणाले. "मराठी जड जात असेल तर इंग्रजीत सांगा."

इंग्रजीत सांगितलं असतं तर फार सोपं गेलं असतं. मागच्या बाकांवर कुणाला काही कळलं नसतं.

"जनार्दन धर्मा," मी परत म्हटलं. मागे आत्या शेजारणीच्या कानाशी काहीतरी बोलली.

मग वकिलांनी ती सकाळ, ती गच्ची, ते दार सगळं विचारलं. मी हो म्हणत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, "दारातून गच्चीवर कोण आलं?"

सगळी तोंडं माझ्या तोंडाकडे बघत होती. उंबरठ्यावर बघत होती तशीच. मला म्हातारीचा दंड दिसत होता, पदराखाली असला तरी. मागून कुणी माझ्या वाटचं बोलणारं नव्हतं. मी पिंजऱ्याच्या कठड्याला धरलेले हात सोडले. पाय जरा लांब ठेवले. एक हात कमरेवर गेला. मी मुद्दाम नेला नव्हता.

"सुरेश काळूराम."

आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण तिथलं बोलणं थांबलं. सुरेश ताडकन उठून उभा राहिला. त्याला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. पोलिसाने खांदा दाबून त्याला खाली बसवलं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

"मागून आला," मी म्हटलं. "हाक मारली नाही."